तंत्रज्ञान कंपन्यांतील नेतृत्व आणि कार्यसंस्कृती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बावीस वर्षे मी पुण्यातील सॉफ्टवेअर व्यवसायात आहे. त्यांपैकी अलीकडची बरीच वर्षे नव्याने टीम लीड किंवा मॅनेजर झालेल्या तरुण मंडळींना तयार करण्यात गेली. त्यांच्याकडून, आणि स्वतःची छोटी कंपनी चालवणाऱ्या परिचितांकडूनही, जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत.

कार्यसंस्कृती म्हणजे नेमके काय?

कंपनीत कोणी न सांगता जे आपोआप घडते, ती तिची कार्यसंस्कृती. नव्याने रुजू झालेली मुलगी पहिल्या दोन-तीन महिन्यांत कशाला शाबासकी मिळते, कशावर कपाळाला आठ्या पडतात आणि कोणता विषय निघाला की सगळे गप्प बसतात हे पाहत असते. रुजू होण्याच्या दिवशी दाखवलेल्या स्लाइड ती विसरते. हे पाहिलेले मात्र विसरत नाही.

ही संस्कृती ओळखण्याची माझी कसोटी एकच आहे. वाईट बातमी ज्याला सर्वांत आधी कळते, त्याच्यापासून ती निर्णय घेणाऱ्यापर्यंत किती लवकर आणि किती धडपणे पोहोचते, हे मी पाहते. आमच्या व्यवसायात ही कसोटी विशेष लागू पडते, कारण आमचा माल डोळ्यांना दिसत नाही. बांधकामात खांब वाकडा उभा राहिला तर रस्त्याने जाणाऱ्यालाही तो दिसतो. कोडमधला दोष मात्र तो लिहिणाऱ्या एक-दोघांनाच ठाऊक असतो, आणि त्यांनी तोंड उघडले नाही तर क्लायंटच्या तक्रारीपर्यंत तो कोणालाच कळत नाही.

आमचे सगळे स्टेटस रिपोर्ट हिरवे, म्हणजे ‘सगळे वेळेत’ असे सांगणारे, असतात, तरीही प्रकल्प शेवटच्या पंधरवड्यात का अडकतो?

अशा प्रकल्पाला आमच्याकडे कलिंगड म्हणतात: वरून हिरवा, आतून लाल. त्यात कोणी एक जण धडधडीत खोटे बोललेला असतो असे सहसा नसते. प्रोग्रामर म्हणतो, ‘थोडे अडले आहे, पण होऊन जाईल.’ टीम लीड त्याची ‘किरकोळ अडचण’ अशी नोंद करतो, मॅनेजर ती ‘नियंत्रणात’ असल्याचे लिहितो, आणि क्लायंटसमोर जाईपर्यंत त्या ओळीला हिरवा रंग लागलेला असतो. प्रत्येकाने आपापल्या परीने बातमी थोडी मवाळ केलेली असते, आणि चार पायऱ्यांमध्ये ती पार विरघळून जाते. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण रिलीजच्या तारखेला लागू पडत नाही. ती मूठ ठरल्या दिवशी उघडावीच लागते.

यावर नवा रिपोर्ट किंवा नवे सॉफ्टवेअर आणून काही होत नाही. पहिल्यांदा कोणी लाल रंग दाखवला, की मॅनेजरच्या तोंडून निघणारे पहिले वाक्य कोणते असते तेवढे बघा. ते ‘हे आधी का नाही सांगितलेस?’ असेल, तर पुढच्या वेळी लाल रंग दिसणार नाही. ‘तुला कोणाची मदत हवी आहे?’ असे असेल, तर दिसेल. शिवाय, जशी लाल ओळीची चौकशी होते तशी हिरव्या ओळीचीही व्हावी. ‘हे हिरवे कशावरून?’ हा प्रश्न शांतपणे आणि दर आठवड्याला विचारला गेला, तर कलिंगडे बरीच कमी होतात.

चूक झाल्यावर दोषी शोधायचा नाही असे म्हणता. मग जबाबदारी कोणाची?

या प्रश्नाला मी नेहमी एका रात्रीची हकिगत सांगून उत्तर देते.

गिटलॅब ही कंपनी प्रोग्रामर मंडळींना आपला कोड ठेवण्यासाठी आणि त्यावर एकत्र काम करण्यासाठी सेवा पुरवते. ३१ जानेवारी २०१७ रोजी त्यांच्या डेटाबेसवरचा भार एकाएकी वाढला आणि मुख्य सर्व्हरची प्रत सांभाळणारा दुय्यम सर्व्हर मागे पडला. रात्री उशिरापर्यंत त्याच्याशी झगडणाऱ्या एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हरवरचे फोल्डर रिकामे करून प्रत पुन्हा पहिल्यापासून उतरवायचे ठरवले. पण पुसण्याची आज्ञा त्याच्या हातून मुख्य सर्व्हरवर दिली गेली. एक-दोन सेकंदांत त्याच्या ते लक्षात आले आणि त्याने आज्ञा थांबवली. तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते.

मग सर्वांनी बॅकअपकडे धाव घेतली, आणि खरी गोष्ट तेथे सुरू होते. रोजचा बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामची आवृत्ती डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हती, त्यामुळे बॅकअप तयारच होत नव्हता. तो फसल्याची सूचना ई-मेलने जाणे अपेक्षित होते. ते ई-मेल वाटेतच नाकारले जात होते. डिस्कच्या प्रती काढण्याची सोय डेटाबेसच्या सर्व्हरसाठी कधी सुरूच केलेली नव्हती. शेवटी कामी आली ती त्याच इंजिनिअरने सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने काढून ठेवलेली एक प्रत. तिच्यावरून सेवा पुन्हा उभी राहिली. मधल्या सहा तासांतली माहिती गेली ती गेलीच.

कंपनीने दुरुस्तीचे काम यूट्यूबवर थेट दाखवले आणि आपल्या नोंदींचा दस्तऐवज सर्वांना खुला ठेवला. नंतरच्या सविस्तर अहवालात मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी ग्राहकांची माफी मागितली. त्या अहवालात इंजिनिअरचे नाव नाही, ‘टीम सदस्य १’ एवढाच उल्लेख आहे. बॅकअप परत उतरवून पाहण्याची तपासणी का झाली नव्हती, या प्रश्नाचे त्यात दिलेले उत्तर मला सर्वांत मोलाचे वाटते: ती जबाबदारी कोणा एकावर सोपवलेलीच नव्हती.

आता विचार करा. त्या रात्रीचे खापर इंजिनिअरच्या डोक्यावर फोडून त्याला घरी पाठवले असते, तर बॅकअप चालू झाले असते का? बळीचा बकरा सापडला की चौकशी तेथेच थांबते आणि दोष आहे तेथेच राहतो. त्या इंजिनिअरने झालेली गोष्ट तत्काळ उघड केली, ही त्याने निभावलेली जबाबदारी. आणि बॅकअपची जबाबदारी कोणाची हे ठरवायचे राहून गेले, ही वरच्यांनी न निभावलेली जबाबदारी. दोन्ही जबाबदाऱ्या खऱ्या आहेत. आपल्याकडे बहुतेक वेळा पहिलीचाच हिशेब होतो.

बिघाडानंतरच्या आरसीएमध्ये, म्हणजे मूळ कारण शोधणाऱ्या अहवालात, काय लिहावे?

‘मानवी चूक’ हे शब्द मूळ कारण म्हणून लिहू नयेत, हा एकच नियम पाळला तरी अहवालाचा दर्जा सुधारतो. माणूस चुकणारच, तो चुकल्यावर ती चूक क्लायंटपर्यंत पोहोचू शकली कशी, हा अहवालाचा विषय आहे. प्रश्न ‘कोणी केले’ असा न मांडता ‘त्या क्षणी त्याला समोर काय दिसत होते’ असा मांडावा. रात्रीच्या वेळी दोन सर्व्हरच्या खिडक्या अगदी एकसारख्या दिसत असतील, तर उद्या दुसरा कोणीही तेथेच घसरेल. प्रत्येक उपायापुढे नाव आणि तारीख असावी, आणि महिन्याने तो अहवाल पुन्हा उघडून पाहावा.

चुका अशा पोटात घातल्या तर बेशिस्त वाढणार नाही का?

ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर थोडे खोलात जाऊन द्यावे लागते. चूक, बेपर्वाई आणि लपवालपवी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. दमलेल्या माणसाच्या हातून चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा जाणे ही चूक. तपासणीचा टप्पा ठाऊक असूनही तो वारंवार वगळणे ही बेपर्वाई. बिघाड झाल्यावर लॉग, म्हणजे सर्व्हरवर आपोआप होणाऱ्या नोंदी, पुसणे ही लपवालपवी. पहिलीत शिक्षा नसावी, दुसरीत स्पष्ट समज आणि गरज पडल्यास कारवाई असावी, आणि तिसरीला माझ्या लेखी क्षमा नाही, कारण ती पुढच्या प्रत्येक चुकीचा इलाज अशक्य करून टाकते.

याबाबतचा एक अभ्यास पाहण्याजोगा आहे. संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांमध्ये औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. ज्या विभागांत नेतृत्व चांगले आणि माणसे एकमेकांना धरून आहेत, तेथे चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले. चांगल्या विभागांत चुका जास्त दिसल्या. उलगडा असा झाला, की त्या विभागांत चुका जास्त घडत नव्हत्या, त्या मोकळेपणाने सांगितल्या जात होत्या. याच वाटेने पुढे जाऊन १९९९ मध्ये त्यांनी टीममधील मानसिक सुरक्षिततेवर शोधनिबंध लिहिला, आणि नंतर गूगलने आपल्या १८० टीमची पाहणी केली तेव्हा प्रभावी टीमच्या गुणांमध्ये हाच गुण अग्रभागी आला.

‘मानसिक सुरक्षितता’ हा शब्द जरा जड आहे. आपण बोलताना ‘त्यांच्यापाशी बोलायची सोय आहे’ असे म्हणतो, त्याचा अर्थ तोच.

इतक्या मोठ्या कंपन्या केवळ भीतीमुळे मागे पडतात, हे खरे आहे का?

केवळ भीतीमुळे असे म्हणता येणार नाही, पण भीतीचा वाटा किती मोठा असू शकतो हे नोकियाच्या उदाहरणात दिसते. २००७ मध्ये आयफोन आला तेव्हा नोकिया मोबाइलच्या बाजारात पहिल्या क्रमांकावर होती. पैसा, इंजिनिअर, संशोधन कशाचीही वानवा नव्हती. टिमो वुओरी आणि क्वी हुई या अभ्यासकांनी नोकियाशी संबंधित ७६ जणांच्या मुलाखती घेऊन तेथे काय झाले याचा माग काढला. वरिष्ठांना बाजारपेठेची आणि भागधारकांची भीती होती, मधल्या फळीला वरिष्ठांची. सिम्बियन ही आपली जुनी प्रणाली नव्या स्पर्धेत पुरी पडणार नाही हे खाली कळत होते, पण तसे सांगणाऱ्याला ‘याच्यात जिद्द नाही’ असे ठरवले जाण्याची धास्ती होती. म्हणून वर आशादायक तारखा जात राहिल्या, आणि वरचे त्या तारखांवर विसंबून निर्णय घेत राहिले.

शेवट सर्वांना ठाऊक आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये नोकियाने मोबाइलचा व्यवसाय मायक्रोसॉफ्टला विकण्याचे जाहीर केले. एप्रिल २०१४ मध्ये व्यवहार पूर्ण झाला आणि जुलै २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यापोटी सुमारे ७.६ अब्ज डॉलर बुडीत खात्यात टाकले.

अप्रेझलमधला बेल कर्व टीमचे नुकसान करतो का?

माझे मत स्पष्ट आहे: हो, करतो. दहा जणांच्या टीममध्ये दोघांना उत्तम, सात जणांना मध्यम आणि एकाला खालची रेटिंग द्यायचीच, असे आधीच ठरले असेल, तर दहाही जण उत्तम काम करतील तेव्हाही कोणाला तरी खाली ढकलावे लागते. बेल कर्वची ही पद्धत नव्वदच्या दशकात जनरल इलेक्ट्रिकचे प्रमुख जॅक वेल्श यांच्यामुळे फार गाजली. मायक्रोसॉफ्टमध्ये ती कित्येक वर्षे होती, आणि तिचा परिणाम सोपा होता: शेजारच्याला मदत केली तर त्याची रेटिंग वाढेल आणि आपली घसरेल, हे गणित हुशार माणसांना पटकन कळते. आपली अडचण उघड करणे तर त्याहून धोक्याचे. नोव्हेंबर २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही पद्धत बंद केली. याचे श्रेय अनेक जण पुढे प्रमुख झालेल्या सत्या नाडेला यांना देतात, पण तेव्हा स्टीव्ह बाल्मर हेच मुख्य कार्यकारी अधिकारी होते.

बेल कर्व हटवणे आपल्या हातात नसेल, तर टीम लीडने निदान एवढे करावे: खालची रेटिंग द्यावी लागली तर तिचे कारण त्या व्यक्तीला वर्षाच्या शेवटी पहिल्यांदा कळू देऊ नये, आणि ज्याने स्वतःची चूक स्वतः कळवली, तीच चूक त्याच्या अप्रेझलमध्ये पुरावा म्हणून वापरू नये. हे दुसरे मी फार वेळा पाहिले आहे. असे एकदा झाले, की पुढची तीन वर्षे त्या मजल्यावर कोणी काही कबूल करत नाही.

एका माणसामुळे लाखभर लोकांच्या कंपनीची संस्कृती बदलू शकते का?

सत्या नाडेला ४ फेब्रुवारी २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. ते १९९२ पासून तेथेच होते, म्हणजे बाहेरून आलेले नव्हते. ‘सगळे ठाऊक असलेले’ होण्यापेक्षा ‘सगळे शिकू पाहणारे’ व्हा, असे ते सांगत. पण अशी वाक्ये कोणीही बोलू शकतो. लोकांना पटते ते कृतीने. ज्या लिनक्सला, म्हणजे खुल्या कोडच्या प्रणालीला, २००१ मध्ये बाल्मर यांनी कर्करोगाची उपमा दिली होती, त्या लिनक्सशी नाडेलांनी उघड मैत्री केली, आणि २०१८ मध्ये खुल्या कोडचे सर्वांत मोठे घर असलेली गिटहब ही कंपनी ७.५ अब्ज डॉलरला विकत घेतली.

मला अधिक बोलका वाटतो तो ऑक्टोबर २०१४ मधला प्रसंग. संगणक क्षेत्रातील महिलांच्या परिषदेत त्यांना विचारले गेले, की पगारवाढ मागायला संकोच वाटणाऱ्या स्त्रियांना ते काय सांगतील. त्यांनी पगारवाढ न मागता व्यवस्थेवर विश्वास ठेवावा अशा अर्थाचे उत्तर दिले. त्यावर टीकेची झोड उठली. त्याच दिवशी त्यांनी कर्मचाऱ्यांना ई-मेल लिहून आपले उत्तर पूर्णपणे चुकल्याचे मान्य केले. शब्दांचा विपर्यास झाला, संदर्भ वेगळा होता, असली सारवासारव केली नाही. पदावर येऊन आठ महिने झालेल्या प्रमुखाने चूक कशी कबूल करायची याचे हे प्रात्यक्षिक होते, आणि ते सर्वांनी पाहिले.

यात एक गोष्ट विसरू नये. त्याच वर्षी जुलैमध्ये कंपनीने १८,००० पदे कमी करण्याचे जाहीर केले होते आणि त्यांतील बहुतेक नोकियाकडून आलेल्यांची होती. संस्कृती सुधारते तेव्हाही कोणाला तरी झळ लागते, आणि प्रमुखाचे गुणगान करताना त्या लोकांना वगळणे मला योग्य वाटत नाही.

भिंतीवर लिहिलेल्या मूल्यांना काही अर्थ असतो का?

हैदराबादच्या सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचे उदाहरण आठवते. सप्टेंबर २००८ मध्ये कंपनीच्या सुशासनासाठी सत्यमला गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून हिशेबात वर्षानुवर्षे हजारो कोटींचा फुगवटा केल्याची कबुली दिली. सुरुवातीला लहान असलेली तफावत वाढत गेली, आणि हे वाघावर स्वार होण्यासारखे होते, उतरावे तर तो खाईल, असे त्यांनी त्यात म्हटले होते. वाईट बातमी दडपणाऱ्या प्रत्येकाची स्थिती थोड्याफार फरकाने अशीच असते. नंतर सरकारने नवे संचालक मंडळ नेमले आणि एप्रिल २००९ मध्ये टेक महिंद्राने ती कंपनी घेतली, त्यामुळे हजारो प्रामाणिक कर्मचाऱ्यांचे काम टिकले. भिंतीवर मूल्ये लिहू नयेत असे मी म्हणणार नाही. मात्र त्यांतील एखादे मूल्य पाळताना कंपनीने कधी पैसा सोडला होता का, हे जरूर विचारावे.

उत्तम प्रोग्रामर उत्तम टीम लीड होतोच असे का नाही?

कारण दोन्ही कामांना लागणारे कान वेगळे असतात. मी स्वतः हे महागात शिकले. टीम लीड होऊन मला चारच महिने झाले होते. शुक्रवारची संध्याकाळ होती, रिलीज दोन तासांवर आला होता, आणि टीममधला सर्वांत धाकटा मुलगा माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. हातात वही होती. तो म्हणाला, ‘मॅडम, डेटा हलवण्याची स्क्रिप्ट आपण जुन्या रेकॉर्डवर चालवून पाहिलेली नाही.’ मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, ‘आता वेळ नाही, सोमवारी बघू.’ तो ‘बरं’ म्हणून गेला. शनिवारी पहाटे क्लायंटचा फोन आला. जुन्या ग्राहकांच्या खात्यांतील तारखा उलटसुलट झाल्या होत्या. आम्ही रविवारी रात्रीपर्यंत त्या दुरुस्त करत बसलो.

तारखा दोन दिवसांत ठीक झाल्या. तो मुलगा मात्र पुढचे आठ महिने स्टँड-अपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत, ‘सगळे ठीक आहे’ यापलीकडे काही बोलला नाही, आणि मग दुसऱ्या कंपनीत गेला. त्याने मला काही सुनावले असते तर बरे झाले असते. त्या दिवशी मी मान वर केली असती, तर एवढ्याने भागले असते. म्हणून आता कोणी टेबलापाशी आले की मी हात कीबोर्डवरून काढते. नव्या टीम लीडला मी हीच पहिली सवय लावून घ्यायला सांगते, कारण ती आजपासून लावता येते आणि तिला कोणाची मंजुरी लागत नाही.

टीमची रचना आणि संस्कृती यांचा संबंध असतो का?

असतो. संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉन्वे यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात मांडले, की संस्थेतील माणसांच्या संवादाची रचना जशी असते तशीच त्या संस्थेने बनवलेल्या प्रणालीची रचना होते. दोन टीमचे आपसांत बोलणे नसेल, तर त्यांनी बनवलेले दोन भाग जेथे जुळायचे तेथेच बिघाड सापडतात. बारा जणांहून मोठ्या टीममध्ये गप्प बसणे सोपे होते, हे माझे निरीक्षण आहे. ॲमेझॉनमध्ये दोन पिझ्झांत जेवण होईल एवढीच टीम ठेवावी असा संकेत आहे, आणि २००४ पासून तेथील वरिष्ठांच्या बैठकीत पॉवरपॉइंटऐवजी लिहिलेले टिपण आधी शांतपणे वाचले जाते. लिहिलेल्या परिच्छेदात विचारातली फट लपत नाही. स्लाइडवरच्या तीन तुटक ओळींत ती सहज लपते.

ऑफिसात ‘सर-मॅडम’ म्हणावे की नावाने हाक मारावी? आणि मराठीत बोलावे का?

बहुतेक आयटी कंपन्यांत नावाने हाक मारण्याची पद्धत आहे, पण नावाने हाक मारल्याने अंतर मिटतेच असे नाही. इंग्रजीत नावाने हाक मारणारा मुलगा मराठीत बोलू लागला, की ‘अहो’ आणि ‘तुम्ही’वर येतो आणि वयाने मोठ्या माणसाचे चुकले असे म्हणायला कचरतो. हा आपल्या घरांतला संस्कार आहे आणि तो वाईट नाही. ‘तुम्ही’ म्हणूनही ‘तुमचे हे पटत नाही’ असे म्हणता आले पाहिजे, आणि ते ज्येष्ठाने शिकवायचे असते. बैठकीत सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीने शेवटी बोलावे. पहिल्यांदा तिने मत दिले, की बाकीचे त्याला दुजोरा देतात.

भाषेबद्दल माझा आग्रह वेगळा आहे. अडचण सांगायला आलेल्या माणसाला ज्या भाषेत मन मोकळे करता येते, त्या भाषेत त्याचे ऐकावे. सांगली किंवा परभणीहून आलेली मुलगी इंग्रजीत ‘नो इश्यूज’ म्हणते आणि मराठीत विचारले की दहा मिनिटे बोलते. पण टीममध्ये एक जरी सहकारी मराठी न समजणारा असेल, तर निर्णय त्याला समजेल त्याच भाषेत व्हावेत. तांत्रिक चर्चा चहाच्या टेबलावर मराठीत उरकून चेन्नईच्या सहकाऱ्याला फक्त निष्कर्ष कळवणे, हे त्याला टीमबाहेर ठेवण्यासारखेच आहे.

अमेरिकेतील क्लायंटमुळे रात्रीचे कॉल अटळ आहेत. त्यांत नेतृत्वाने काय करावे?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याशी आपले अंतर उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचे असते. नोव्हेंबर उजाडला की रात्री साडेनऊचा कॉल साडेदहाला जातो, आणि घरातल्या लहान मुलांची झोप, आईवडिलांच्या गोळ्यांची वेळ, सगळेच सरकते. हे गैरसोयीचे ओझे वाटून घेतले पाहिजे: एक आठवडा आपण उशिरा बसू, एक आठवडा तुम्ही लवकर उठा, असे क्लायंटला स्पष्ट विचारावे. मी विचारले तेव्हा बहुतेकांनी मान्य केले. आधी कोणी विचारलेच नव्हते. रात्री ऑन-कॉल, म्हणजे बिघाड झाल्यास धावून जायला तयार, असलेल्याला दुसऱ्या दिवशी सकाळची सुट्टी हक्काने मिळावी. दमलेला माणूस चुका जास्त करतो, आणि त्या सांगण्याचे त्राणही त्याच्यात उरत नाही.

लैंगिक छळाच्या तक्रारीबाबत टीम लीडने काय करावे?

येथे स्वतःच्या समजुतीने काही मिटवायला जाऊ नये. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कंपनीत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. तिची अध्यक्ष ज्येष्ठ महिला कर्मचारी असते आणि तिच्यात बाहेरचा एक सदस्य असतो. तक्रार सर्वसाधारणपणे तीन महिन्यांत करावी लागते आणि चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण व्हावी लागते. कोणी तुमच्या कानावर घातले, तर नीट ऐकून घ्या, समितीकडे जाण्याचा मार्ग सांगा आणि गुप्तता पाळा. ‘तो कामाला फार चांगला आहे’ हे वाक्य त्या वेळी तोंडून जाऊ देऊ नका. फेब्रुवारी २०१७ मध्ये उबरमधील एका माजी इंजिनिअरने अशा तक्रारींची तेथे कशी बोळवण झाली हे जाहीरपणे लिहिले, आणि त्यानंतर पेटलेल्या वादांमध्ये जूनमध्ये संस्थापक ट्रॅव्हिस कलानिक यांना प्रमुखपद सोडावे लागले.

संस्थापक बाजूला झाल्यावर संस्कृती टिकते का?

इन्फोसिसची स्थापना १९८१ मध्ये पुण्यात सात जणांनी, सुधा मूर्ती यांनी दिलेल्या दहा हजार रुपयांच्या भांडवलावर केली, आणि १९८३ मध्ये ती बंगळूरला गेली. २०१४ मध्ये विशाल सिक्का हे संस्थापकांबाहेरचे पहिले प्रमुख झाले. संस्थापकांशी जाहीर मतभेद होऊन ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि सहसंस्थापक नंदन निलेकणी अध्यक्ष म्हणून परतले. आनंद देशपांडे यांनी १९९० मध्ये पुण्यात सुरू केलेल्या पर्सिस्टंट या सॉफ्टवेअर कंपनीत २०२० मध्ये संदीप कालरा मुख्य कार्यकारी अधिकारी झाले आणि देशपांडे अध्यक्षपदी राहिले. बाजूला होणाऱ्याने कोणते निर्णय आपले नाहीत हे आधी लिहून द्यावे, आणि जुन्या सहकाऱ्यांनी मागच्या दाराने आणलेली तक्रार नव्या प्रमुखाकडेच परत पाठवावी.

कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेल्या कोडमध्ये दोष निघाला तर जबाबदार कोण?

ज्याने तो तपासून स्वीकारला तो, आणि ज्याने तपासायला वेळ दिला नाही तोही. मला चिंता आहे ती वेगळ्या गोष्टीची: हा भाग मला समजलेला नाही, असे म्हणायला तरुण प्रोग्रामर आता अधिक लाजतात, कारण कोड तर चालतो आहे. म्हणून तपासणीच्या वेळी ‘यातले तुला काय कळले नाही?’ हा प्रश्न मी नेहमीच्या प्रश्नांत घातला आहे, आणि त्याचे पहिले उत्तर मी स्वतः देते.

नोकरी स्वीकारण्याआधी कंपनीची संस्कृती कशी ओळखावी?

मुलाखतीच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ असे विचारतात, तेव्हा बहुतेक जण नको म्हणतात. तेव्हा विचारा: ‘तुमच्या टीममध्ये मागचा मोठा बिघाड कधी झाला, आणि त्यानंतर काय बदलले?’ समोरचा माणूस तारीख, कारण आणि बदल सांगू लागला, तर चांगले. ‘आमच्याकडे तसे काही होत नाही’ असे उत्तर आले, तर सावध व्हा. ‘एकाने घोळ घातला होता, तो आता नाही’ असे उत्तर आले, तर इतर प्रस्तावांचाही विचार करा. जमल्यास त्याच टीममधल्या, मॅनेजर नसलेल्या एखाद्या व्यक्तीशी दहा मिनिटे बोलायला मिळेल का, असे एचआरला विचारा, आणि तिला तिने शेवटचे ‘मला हे जमत नाही’ कोणाला आणि कधी म्हटले होते ते विचारा. ही उत्तरे घरी पोहोचताच वहीत लिहून ठेवा. ऑफर लेटरमधला आकडा त्यानंतर पाहा.